टीव्हीवरच्या रोबोंच्या मारामाऱ्या: हौस कुणाची, खिसा कुणाचा?

फाइलपट्टी

परवा भलत्याच विषयाखाली सव्वाशेर यांनी 'बॅटलबॉट्स' या रिमोटवरच्या रोबोंच्या मारामारीच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमावर जाता जाता एक पिंक टाकली. जशीच्या तशी देतो:

"बॅटलबॉट्स म्हणजे गलेलठ्ठ पगाराच्या अमेरिकन इंजिनियरांनी लाखोंचं यंत्र तीन मिनिटांत भंगारात काढायचं आणि वर स्वतःला हौशी म्हणवून घ्यायचं. यांना स्पॉन्सर आहेत, लाइटिंग आहे, बोंबलणारा निवेदक आहे. हौशी असते ती आमच्या गल्लीतली गणपतीची कमिटी. यात शास्त्र नाही, खेळ नाही, नुसता पैशाचा माज आहे."

खाली 'अगदी अगदी'ची रांग लागली. त्यातल्या किती जणांनी एक तरी लढत पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली असेल याची मला दाट शंका आहे. तिथे उत्तर लिहायला बसलो ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

पहिली गोष्ट, हा खेळ टीव्हीने काढलेला नाही. १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत फोर्ट मेसनला मार्क थॉर्प नावाच्या गृहस्थांनी 'रोबो वॉर्स' ही रोबोंच्या लढतींची स्पर्धा पहिल्यांदा भरवली. हे मुळात रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर बनवायच्या नादात होते. झाडलोट साधली नाही, त्यातून हे निघालं. १९९५ ला तिथे जेमी हाइनमन आणि अ‍ॅडम सॅव्हेज 'ब्लेंडो' घेऊन आले. कढईच्या आकाराचं गरगर फिरणारं कवच आणि आत गवत कापायच्या मशीनचं इंजिन. समोरच्याचे तुकडे कठड्यापलीकडे उडायला लागले तेव्हा आयोजकांनी त्याला सहविजेता ठरवलं आणि हात जोडून बाजूला बसवलं. 'मिथबस्टर्स' या टीव्ही कार्यक्रमामुळे ही जोडी पुढे जगभर गाजली, पण तेव्हा यांना कुत्रं ओळखत नव्हतं.

बॅटलबॉट्स काढणारे ट्रे रॉस्की आणि ग्रेग मन्सन हे चुलत-मावस जे काय असतील ते भाऊ. तेही त्याच आखाड्यात 'ला मशीन' घेऊन लढलेले. म्हणजे मालकसुद्धा आधी खेळाडूच होते.

आता पैसा. रोबो वॉर्सचा ब्रिटिश टीव्ही कार्यक्रम बीबीसीवर १९९८ ला सुरू झाला. त्यात जॉर्ज फ्रान्सिस यांचा 'केऑस २' सलग दोन मालिका जिंकला. समोरच्याला गॅसच्या दाबावर उचलून आखाड्याबाहेर भिरकावायचा. तिसऱ्या मालिकेच्या अंतिम फेरीत समोर होता रोझ कुटुंबाचा 'हिप्नो-डिस्क'. घरच्या लोकांनी मिळून बनवलेला रोबोट. आयर्लंडचा 'डिओटोअर' तर अंगावर खोटी फर चढवून यायचा आणि दरवेळी पेटायचा. लोकांना तो चँपियनइतकाच आवडायचा. यात माज कुठे दिसला?

"तीन मिनिटांत भंगार" म्हणता, तर त्या तीन मिनिटांचे नियम तरी बघा. बॅटलबॉट्सच्या प्रत्येक पंचाकडे एकूण ११ गुण असतात. नुकसानाला ५, आक्रमकतेला ३, नियंत्रणाला ३. तोडफोडीलाच सर्वांत जास्त गुण असल्यावर माणूस तोडफोडीचंच यंत्र बनवणार. ते यंत्र २५० पौंडांत, म्हणजे ११३ किलोत बसवायचं. शस्त्राचं टोक ताशी २५० मैलांच्या वर फिरता कामा नये. मग चिलखताला किती किलो, मोटरला किती, बॅटरीला किती? एकीकडे दिलं की दुसरीकडून काढावं लागतं. याला शास्त्र म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आणि 'ह्यूज' पाहिलाय का? नावासारखीच अवाढव्य चाकं, आपल्या स्वयंपाकघरातल्या भाजी चिरायच्या पांढऱ्या फळीच्या जातीच्या प्लास्टिकची. समोरच्या स्पिनरने, म्हणजे फिरतं शस्त्र लावलेल्या रोबोटने, कितीही दात मारले तरी चाकाचे लचके निघतात, पण चाक सहजी तुटत नाही, आणि मधली बॉडी इतकी उंचावर की दात तिथवर पोचतच नाहीत. महागड्या पोलादाला प्लास्टिकने दिलेलं उत्तर आहे हे.

माझं म्हणणं एवढंच. तुटलेला भाग ज्याला स्वतःच्या खिशातून पुन्हा बनवावा लागतो तो हौशी. कॅमेरा समोर आहे की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

सव्वाशेर

एका ओळीला एवढं उत्तर! ओळ बरोबर जागी लागली म्हणायची.

तुम्ही केऑस २ आणि फरवाल्या कुत्र्यामांजराच्या गोष्टी सांगितल्यात. पंचवीस वर्षांपूर्वीच्या. मी आजचं बोलतोय. 'बाइट फोर्स' रोबोटचा पॉल व्हेंटिमिलिया घ्या. २०१५, २०१८, २०१९, तीन वेळा चँपियन. हा माणूस २००९ मध्येच नासाची चंद्रावरची माती उकरायच्या यंत्रांची स्पर्धा जिंकून पाच लाख डॉलर घेऊन आलेला. 'सॉब्लेझ' रोबोटचा जेमिसन गो एमआयटीचा. हे 'हौशी'? मग सचिन तेंडुलकर आमच्या सोसायटीत टेनिस बॉलने खेळला तर तोही हौशीच.

खिशाचा मुद्दा म्हणाल तर रोबोटच्या पाठीवर स्टिकर बघा जरा. मोटर एकाची, बॅटरी दुसऱ्याची, लेझर कटिंग तिसऱ्याकडून फुकट. खिसा कुणाचा हे शीर्षकात विचारलंत आणि उत्तर देताना विसरलात.

वर निवड कोण करतं? निर्माते. कुणाला बोलवायचं ते टीव्हीवाले ठरवतात. ज्याचा रोबोट बरा पण तोंड बोलकं नाही तो घरी. हा खेळ नाही, ऑडिशन आहे.

लीड्सची सून

फाइलपट्टी, लेख आवडला. डिओटोअरला कुत्रंमांजर म्हटल्याबद्दल सव्वाशेर यांचा निषेध.

मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा रोबो वॉर्स परत सुरू झालं होतं, दारा ओब्रीन सूत्रसंचालक असलेलं, २०१६ चं. घरी सगळे रविवारी टीव्हीसमोर चिकटून. सासरे मेकॅनिकल इंजिनियर, ते प्रत्येक लढतीला "चेन गार्ड नाही, चेन गार्ड नाही" करत बसायचे आणि दर दोन लढतींत एकदा खरंच कुणाची तरी चेन निघायची. २०१८ ला बीबीसीने ते बंद केलं तेव्हा आमच्या घरात सुतक पाळलं गेलं.

पण सांगायचं वेगळंच आहे. टीव्ही गेला म्हणून खेळ गेला नाही. माझा मुलगा अँटवेट करतो. रोबोट १५० ग्रॅमच्या आत, आणि चार इंचांच्या घनात मावायला हवा. थ्रीडी प्रिंटरवर बॉडी, खेळण्यातल्या विमानाची बॅटरी. एखाद्या हॉलमध्ये टेबलावर पारदर्शक पेटी ठेवतात आणि दिवसभर लढती. निवृत्त आजोबा आणि शाळकरी मुली एकमेकांचे रोबोट फोडतात आणि मग त्याच आजोबांकडून मुली सोल्डरिंग शिकतात. हे सगळे टीव्ही बघून आलेले. निवेदक बोंबलतो हे खरं आहे (मलाही आवाज बंद करून बघावंसं वाटतं), पण त्या बोंबलण्यातूनच हे लोक आले.

आणि टीव्हीवरही बिनपैशाचे जिंकलेत. रोबो वॉर्सच्या सातव्या मालिकेचा विजेता 'टायफून २' एअर कॅडेट्सच्या (आपल्या एनसीसीसारखं काहीतरी) टीमचा होता.

उभा आडवा

टायफून २ चं नाव काढलंत म्हणून. ती अंतिम लढत 'स्टॉर्म २' जिंकला होता. पंचांनी टायफूनला दिली. वीस वर्षं झाली, मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पूर्ण लढतभर ढकलत होता कोण?

लीड्सची सून

@उभा आडवा, नुकसान कुणी केलं होतं तेही सांगा की. यावर आमच्या घरात दोन तट आहेत, इथे तिसरा नको.

चिंचवडचा फिटर

चांगली चर्चा. मी टीव्हीवर हे फार पाहिलेलं नाही पण यातली पोरं मी चांगली ओळखतो. माझं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक मिलिंग, वेल्डिंग. दर वर्षी डिसेंबर आला की कॉलेजची पोरं येतात. "काका रोबोवॉर आहे. काका शाफ्ट पाहिजे. काका उद्या पाहिजे." ड्रॉइंग मागितलं तर मोबाइलवर फोटो दाखवतात. टॉलरन्स विचारला तर म्हणतात "काका फिट बसला पाहिजे". फिट म्हणजे कुठला फिट रे बाबा? बेअरिंगचा की रनिंग? ते माहीत नाही.

रात्री बारापर्यंत थांबून करून देतो. पोरं पाया पडतात, "काका सर्टिफिकेटवर तुमचं नाव टाकतो" म्हणतात. जिंकले तर फेसबुकवर 'आम्ही बनवला'. हरले तर 'वर्कशॉपवाल्याने शाफ्ट वाकडा दिला'. आणि बिल? बिल कॉलेजकडून मंजूर व्हायचंय, गेल्या वर्षीचं पण.

त्यामुळे खिसा कुणाचा हा प्रश्न मला विचारा.

स्पार्कप्लग

फिटरकाका, वाचून पोटात गोळा आला. आमच्या टीमचं नाव घेतलं नाहीत म्हणून आभार.

मी आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टला रोबोवॉर खेळलेय. सव्वाशेर, तुमच्या म्हणण्यात एवढं तथ्य मान्य की अमेरिकेत लोक मोटर विकत घेतात. आम्ही आमच्या पहिल्या रोबोटला गाडीच्या वायपरच्या मोटरी लावल्या होत्या आणि शस्त्राचं पातं ट्रकच्या कमानपाट्यातून कापलं होतं. पुस्तक काय, तर ब्राझीलच्या रिओबॉट्झ टीमचं रोबो-लढाईचं मार्गदर्शक. तिथल्या पीयूसी-रिओ विद्यापीठाचे प्राध्यापक मेजोलारो यांनी लिहून जगाला फुकट वाटलं. शेकडो पानं. शाफ्टचा व्यास कसा काढायचा, फिरणाऱ्या पात्यात ऊर्जा किती साठते, सगळं त्यात. मशीन डिझाइनच्या तासाला जे डोक्यावरून गेलं ते तिथे कळलं, कारण तिथे गणित चुकलं तर पातं अंगावर येतं.

आणि हे ज्ञान फुकट वाटणारे रिओबॉट्झ बॅटलबॉट्समध्ये 'मिनोटॉर' घेऊन २०१८ च्या अंतिम लढतीपर्यंत गेले. कुणाकडून हरले? तुमच्या त्या नासावाल्याकडून. पण पोचले ना!

आमच्या कॉलेजला मात्र हे "हिंसक" वाटायचं. विभागप्रमुख म्हणाले, "तोडफोड शिकवायला कॉलेज काढलंय का? रोबोकॉन करा, शोभेल." रोबोकॉन म्हणजे कॉलेजच्या टीमांची, रोबोटने नेमून दिलेलं काम करायची स्पर्धा. रोबोकॉनला प्रयोगशाळा, रोबोकॉनला निधी, रोबोकॉनला बस. आम्हाला सायकल स्टँडमागची पत्र्याची शेड.

दहीहंडी०८

झालं, आलीच रोबोकॉनवर.

ताई, रोबोकॉनला बस मिळायची कारण रोबोकॉनला डोकं लागतं. तिथे स्वयंचलित रोबोट असायचे. लाइन पकडायची, सेन्सर वाचायचे, माणसाने हात लावायचा नाही. तुमच्याकडे एक जण रिमोट धरून उभा आणि पुढे गाडी. गाडीला करवत लावली म्हणून ती काय शिकली?

मी पुण्यात २००८ ला जेव्हा एबीयू रोबोकॉन झाली तेव्हाचा. थीम गोविंदा! दहीहंडी! आशियाभरातले देश पुण्यात येऊन मटकी आणि लोण्यासाठी रोबोट पळवत होते. माझ्या आईला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं समजलं की मी काय करतो. २०१४ ला परत पुण्यात झाली, तेव्हा थीम पालकत्वाची. आई-रोबोट बाळ-रोबोटला उचलून सी-सॉवर बसवतो, झोका देतो. एकीकडे यंत्राने यंत्राला झोका द्यायचा आणि दुसरीकडे यंत्राने यंत्राचं डोकं उडवायचं. कॉलेजने बस कुणाला द्यावी?

स्पार्कप्लग

झोका दिला की शास्त्र आणि टोला दिला की गुंडगिरी, असं आहे होय.

सेन्सरचं म्हणाल तर आखाड्यात समोरचा तुमच्या लाइनवर चालत नाही. रोबोकॉनचा रोबोट घरी हजार वेळा चालवून बघता येतो, मैदान माहीत असतं, खांब कुठे आहे माहीत असतं. आमच्याकडे पहिल्या टोल्यानंतर आपला रोबोट काय उरलाय हेच माहीत नसतं. एक चाक गेलं तरी चालला पाहिजे, उलटा पडला तरी चालला पाहिजे, रिमोटचा सिग्नल तुटला तर आपोआप बंद पडला पाहिजे. ते शेवटचं नाही जमलं तर आत सोडतच नाहीत. डिझाइन म्हणजे हेच ना, की गोष्टी बिघडतील हे धरून चालायचं?

दहीहंडी०८

"हजार वेळा चालवून बघता येतो" हे वाक्य फक्त ज्याने रोबोकॉन केली नाही तोच लिहू शकतो. बालेवाडीच्या दिव्यांखाली आमचा लाइन सेन्सर आंधळा झाला होता. घरच्या ट्यूबलाइटवर ठेवलेलं सेटिंग तिथे चालेना. रात्रभर पुठ्ठ्याची झापडं कापून लावत बसलो होतो. मी तुमच्याशी वाद घालत नाही.

स्पार्कप्लग

घालताय की.

फाइलपट्टी

मंडळी, विषय टीव्हीचा होता. रोबोकॉनसाठी वेगळा धागा काढा.

दहीहंडी०८

विषयाशीच संबंध आहे. तुम्ही टीव्हीने खेळ वाढवला म्हणता. आमचा टीव्ही म्हणजे दूरदर्शन. तिथे बोंबलणारा निवेदक नव्हता, आग नव्हती, लाल दिवे नव्हते. तरी पोरं आलीच ना?

सव्वाशेर

रोबोकॉनवाले, तुम्ही माझ्या बाजूने आहात असं वाटून मी गप्प होतो, पण हे वाचून राहवेना. एबीयू म्हणजे काय? आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांचा संघ. तुमची स्पर्धा काढलीच टीव्हीवाल्यांनी. २००२ साली. बॅटलबॉट्स निदान खेळाडूंनी काढून टीव्हीला विकलं. तुमचं तर टीव्हीनेच जन्माला घातलेलं. तेव्हा "आम्ही शास्त्राचे सोवळे" हे नको. दोघंही कॅमेऱ्याचे.

लीड्सची सून

सव्वाशेर फाइलपट्टींच्या बाजूने बोलले! कुणीतरी तारीख लिहून ठेवा.

सव्वाशेर

मी कुणाच्याच बाजूने नाही. मी माजाच्या विरुद्ध आहे.

उभा आडवा

कुणी खेळाबद्दल बोलणार आहे का? मी बोलतो.

बॅटलबॉट्स बिघडलं ते पैशाने नाही, उभ्या स्पिनरने, म्हणजे उभी चकती फिरवणाऱ्या रोबोटने. आठवा, २०१५ ला बाइट फोर्स जिंकला तेव्हा तो रणगाड्यासारखा पट्ट्यांवर चालणारा, उचलून दाबून धरणारा रोबोट होता. अंतिम लढतीत समोर 'टूमस्टोन', रे बिलिंग्जचा तो आडवा दांडा. काय लढत होती! दांडा आधी कुठे लागतो आणि तो कसा अडवायचा, बुद्धिबळ होतं. पुढच्या वर्षी टूमस्टोन जिंकला. मग २०१८ ला बाइट फोर्स स्वतःच उभा स्पिनर लावून आला आणि त्यानंतर दुकानच बंद. समोर जमिनीलगत पुढे आलेले काटे, मागे उभी चकती. ज्याचे काटे खाली घुसले तो जिंकला. अख्खी स्पर्धा आता जमिनीपासून अर्ध्या मिलिमीटरवर लढली जाते.

उभा का जिंकतो हे सांगतो, म्हणजे काकांनाही कळेल. आडवा दांडा समोरच्याला जेवढ्या जोराने मारतो तेवढ्याच जोराने स्वतः उलट्या बाजूला फेकला जातो, भिंतीवर आदळतो. उभी चकती समोरच्याला वर उडवते, तेव्हा तिला स्वतःला बसणारा धक्का खाली जमिनीत जातो. जमीन फुकटात आधार देते. वर गेलेला तो खाली येताना पुन्हा आपटतो, म्हणजे एका टोल्याचे दोन. याला एकच दंड आहे. चकती जोरात फिरत असताना झटकन वळलं की जायरोमुळे एक चाक हवेत उचललं जातं. ते हल्लीचे लोक रुंद बैठक ठेवून सांभाळतात. मग आडवा कुणी कशाला बनवेल?

नियम बदला. उभ्याला वजनात दंड करा. पूर्वी चाकांऐवजी पायांवर चालणाऱ्या रोबोटला जादा वजनाची सूट होतीच की.

फाइलपट्टी

आणि त्या सुटीचं काय झालं? 'सन ऑफ व्हायाची'ने पाय घासत सरकणारी यंत्रणा लावून 'मी चालतोय' म्हणत ती सूट घेतली, हेवीवेट जिंकला आणि मग नियम बदलावा लागला. सवलत ठेवा, कुणीतरी तिच्यातून ट्रक नेईल.

जायरोचं बरोबर. पण 'सगळे सारखे झाले' हे नाही पटत. ह्यूज हा उभ्यांनाच उत्तर म्हणून आला. सॉब्लेझ वरून करवत आणतो. ब्रिटिश रोबो वॉर्सच्या दहाव्या मालिकेत 'नट्स २' हा स्वतःभोवती फिरत साखळ्या भिरकावणारा विनोदी दिसणारा रोबोट ग्रँड फायनलला पोचला.

उभा आडवा

एक अपवाद, दोन अपवाद, तीन अपवाद. ठीक आहे, तीन अपवाद मान्य. उरलेल्यांचे काटे मोजा.

चिंचवडचा फिटर

जमीन आधार देते हे पटलं. प्रेसचं पण तसंच असतं, फाउंडेशन नीट नसेल तर मशीनच नाचतं. पण मला एक विचारायचंय. ते काटे कुठल्या मटेरियलचे असतात?

उभा आडवा

काका, एआर ५०० हे नाव फार ऐकू येतं, झिजेला टिकणारी कडक प्लेट. आपल्याकडे हार्डॉक्स मिळते त्या जातीची.

चिंचवडचा फिटर

हार्डॉक्स मिळते. डंपरच्या बॉडीला लावतात. कटपीस भंगारवाल्याकडे किलोवर मिळतो. मग सव्वाशेर साहेब कुठल्या लाखोंबद्दल बोलतायत?

सव्वाशेर

काका, प्लेटबद्दल नाही. चांगल्या ब्रशलेस मोटरी, त्यांचे कंट्रोलर, लिथियमच्या बॅटऱ्या, प्रत्येकाचे दोन-तीन जादा संच. कारण एक लढत झाली की आतलं निम्मं बदलावं लागतं. ११३ किलोचं यंत्र लास व्हेगासला पोचवायचं भाडं वेगळं. टीम न्यूझीलंडहून येते. 'एंड गेम'वाले आले आणि २०२० चा हंगाम जिंकले, कौतुक आहे, पण सांगली-साताऱ्याहून कुणी जाऊ शकेल का? 'कुणीही भाग घेऊ शकतो' म्हणायचं आणि दाराचं माप असं ठेवायचं की ठरावीक लोकच आत येतील, याला मी माज म्हणतो. शब्द झोंबला असेल तर दुसरा घ्या, मुद्दा तोच राहील.

फाइलपट्टी

हा मुद्दा तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये असा लिहिला असता तर मी काही लिहिलंच नसतं. 'शास्त्र नाही, खेळ नाही' लिहिलंत म्हणून इथवर आलो. हेवीवेट टीव्हीवर न्यायचं तर महाग आहे, बरं. खूश?

पण म्हणूनच बाकीच्या वजनांकडे बघा म्हणतोय. अमेरिकेत कनेटिकटच्या नॉरवॉकला एनएचआरएल ही छोट्या रोबोटांच्या लढतींची लीग चालते. ३, १२ आणि ३० पौंडांचे गट, सगळं यूट्यूबवर दिसतं. तीन पौंडांचा रोबोट हातातल्या पिशवीत मावतो. तिथले बरेच जण टीव्हीवरचे चेहरे आहेत आणि बरेच जण कालपर्यंत प्रेक्षकांत बसलेले.

सव्वाशेर

खूश नाही, पण आज जेवण गोड लागेल.

दहीहंडी०८

तीन पौंडवाले पाहिले मी आत्ता, फाइलपट्टींनी नाव दिलं म्हणून. अख्खा रोबोटच भोवऱ्यासारखा गरगर फिरतो आणि तरी हव्या त्या दिशेला सरकतो, असा एक प्रकार दिसला. तो कसा काय सरकतो? फिरताना त्याला समोर कुठे आहे ते कसं कळतं?

स्पार्कप्लग

त्याला मेल्टीब्रेन म्हणतात. आत अ‍ॅक्सिलरोमीटर असतो. त्यावरून फिरण्याचा वेग काढायचा, वेगावरून आत्ता तोंड कुठे आहे त्याचा हिशेब ठेवायचा, आणि प्रत्येक फेरीत ठरावीक कोनात असतानाच मोटरचा वेग किंचित कमी-जास्त करायचा. सेकंदाला कित्येक फेऱ्या. हे सगळं सेन्सर आणि कोड आहे, सर. करवत लावलेल्या न शिकलेल्या गाडीत.

दहीहंडी०८

हा प्रकार डोक्याचा आहे. एवढा एक.

स्पार्कप्लग

उदार आहात.

दहीहंडी०८

टोमणा कळला. आणि एक सांगतो, आमची बस पण मध्येच बंद पडली होती आणि आम्ही रोबोट टेंपोत घालून नेला होता. तेव्हा बसचा फार हेवा करू नका. पण तोडफोड मला अजूनही आवडत नाही. वर्षभर बनवलेली गोष्ट मुद्दाम फुटू द्यायची हे मला बघवत नाही.

स्पार्कप्लग

तुमची थीम दर वर्षी बदलते. मागच्या वर्षीचा रोबोट कुठे आहे तुमचा?

दहीहंडी०८

...सुटे केले. मोटरी काढून घेतल्या ज्युनियर्सनी.

लीड्सची सून

म्हणजे तुमचेही तुटतातच, फक्त प्रेक्षक नसतात.

(रच्याकने, माझा मुलगा विचारतोय की ट्रकच्या कमानपाट्याचं पातं खरंच चालतं का. त्याच्या १५० ग्रॅमवाल्यात नाही, पुढे मोठा बनवायची स्वप्नं आहेत.)

स्पार्कप्लग

चालतं, पण आमचं दुसऱ्याच लढतीत मधून तुटलं. अर्धा तुकडा पॉलिकार्बोनेटच्या भिंतीत रुतला. तेव्हापासून भिंत का असते यावर मी कुणाशी वाद घालत नाही. का तुटलं ते मात्र आजवर कळलेलं नाही. पाटा तर एवढा वजनदार ट्रक झेलतो.

चिंचवडचा फिटर

मधून म्हणजे कुठून? हबला पातं कसं जोडलं होतं? वेल्ड केलं होतं का?

स्पार्कप्लग

हो, हबचा तुकडा वेल्ड केला होता. रात्र कमी होती.

चिंचवडचा फिटर

मग मोडणारच. पाटा आधीच हार्ड आणि टेंपर करून आलेला असतो. त्यावर वेल्ड मारला की वेल्डच्या कडेची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. तडा तिथूनच सुरू होतो. पात्याला वेल्डिंग करायचं नाही, भोक पाडून बोल्टने आवळायचं. भोक पाडायचं तर आधी पाटा मऊ करा, काम पूर्ण करा, मग परत हार्डनिंग आणि त्यानंतर टेंपरिंग. टेंपरिंग सोडायचं नाही, पोरं घाईत तेच सोडतात. आणि आतले कोपरे काटकोनात कापू नका, गोलाई द्या.

पातं घेऊन या. ड्रॉइंग कागदावर, मापांसकट. आणि या वेळी निम्मा अ‍ॅडव्हान्स.